गॉर्डन वॉल्टर्सची कोरू-चित्रं: डोळ्यांनी पाहावी कशी आणि वाद नेमका कुठे आहे

ऑकलंडमध्ये ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिने ऑकलंड आर्ट गॅलरीत न्यूझीलंडचा चित्रकार गॉर्डन वॉल्टर्स याचं १९६५ सालचं ‘पेंटिंग नंबर १’ पाहिलं. काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या आणि त्यांच्या टोकांना गोल, एवढंच. शिक्षकांनी सांगितलं, ही ऑप आर्ट, म्हणजे डोळ्यांना हालचालीचा भास घडवणारी भौमितिक अमूर्त कला. वर्गातली माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी असलेली मैत्रीण म्हणाली, हे आमच्याकडून उचललेलं आहे. मग हा माणूस मोठा चित्रकार म्हणायचा की चोर? आणि सरावासाठी मिळालेल्या एका लोगोच्या कामात कोरूचा, म्हणजे माओरी चित्रकारीतल्या टोकाला गोल असलेल्या वळणदार रेषेचा आकार वापरला तर चालेल का?

आधी माझं मत सांगून टाकते, मग कारणं. वॉल्टर्स मोठा चित्रकार आहे, याबद्दल मला शंका नाही. चोर हा शब्द मी वापरणार नाही. पण तुमच्या शिक्षकांपेक्षा तुमची मैत्रीण त्या चित्राच्या जास्त जवळ पोचली आहे. मी स्वतः बरीच वर्षं भौमितिक अमूर्त चित्रं करते आणि शिकवते, त्यामुळे सुरुवात चित्रापासूनच करते. वादाचं मूळही शेवटी चित्रातच सापडतं.

पुन्हा गॅलरीत जाल तेव्हा त्या चित्रासमोर जरा जास्त वेळ थांबा आणि एकच प्रश्न विचारा: यात पुढे काय आहे आणि मागे काय? काळे आकार पांढऱ्यावर काढलेत की पांढरे काळ्यावर? एका पट्टीवर नजर रोखली तर काळी पट्टी पुढे येते, तिचं टोक गोल होतं आणि त्या गोलाला वळसा घालून पांढरं आत शिरतं. मग त्याच पांढऱ्याचा माग काढत गेलात की ते पांढरंच आकार होतं आणि काळं मागे सरकतं. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे दोन्ही रंग बसलेले आहेत. एक हात काढला तर दुसऱ्याला आकारच उरत नाही. या चित्रात पार्श्वभूमी नावाची गोष्टच नाही. नेहमीच्या चित्रात जी जागा ‘उरते’, ती इथे दुसऱ्या आकाराइतकीच घडवलेली आहे.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे गोलांच्या जागा. पट्ट्या सगळ्या आडव्या, जवळजवळ एकसारख्या. चित्राची सगळी हालचाल गोल कुठे येतो, किती गोल एकाखाली एक येतात, कुठे एखादी पट्टी मोकळी धावत काठापर्यंत जाते, यावर चालते. काही ठिकाणी गोल उभ्या रांगेत जमतात आणि रांग पूर्ण होणार असं वाटत असतानाच एक गोल बाजूला सरकलेला दिसतो. नजर तिथे अडखळते आणि पुन्हा फिरायला लागते. एक गोल थोडा इकडे किंवा तिकडे गेला असता तर सगळं चित्र कपड्यावरच्या छापासारखं सपाट झालं असतं. गालिच्याचा नमुना आणि वॉल्टर्सचं चित्र यांत फरक आहे तो इथे. नमुना कुठूनही कापा, पुढे तसाच चालू राहील हे आपल्याला ठाऊक असतं. वॉल्टर्सच्या चित्राची चौकट एका बाजूने थोडीशी जरी कापली तरी तोल जातो.

असं काम करणाऱ्यालाच कळतात अशा काही अडचणी यात आहेत. काळी आणि पांढरी पट्टी फूटपट्टीने मोजून सारख्या रुंदीची काढली तर पांढरी डोळ्यांना रुंद दिसते, कारण उजळ रंग काठावरून पसरल्यासारखा भासतो. सरळ रेषा जिथे वळणाला मिळते तिथे भूमितीनुसार सगळं बरोबर असलं तरी किंचित खोच पडल्यासारखी वाटते. रंगाचा थर एका ठिकाणी जाड झाला, काठ जरा थरथरला, तर प्रेक्षक आकार सोडून हात शोधायला लागतो. म्हणून हे काम यंत्रासारखं दिसत असलं तरी यंत्रासारखं होत नाही. वॉल्टर्स कागदाचे तुकडे कापून, सरकवून, पुन्हा चिकटवून आधी लहान आराखडे करत असे. एखादा आराखडा वर्षानुवर्षं तसाच पडून राही आणि पुष्कळ नंतर मोठ्या चित्रात उतरे. १९५०च्या दशकातल्या छोट्या गुआश-चित्रांवरून (अपारदर्शक जलरंगातल्या) त्याने कित्येक वर्षांनी मोठी चित्रं केली आहेत. एवढ्या चिकाटीने एका आकाराच्या मागे लागलेला माणूस तो आकार सहज हाती लागला म्हणून वापरत नव्हता, हे तरी मान्य करावं लागतं.

आता हा माणूस इथवर आला कसा ते पाहू. वॉल्टर्सचा जन्म १९१९ साली वेलिंग्टनचा. शिक्षण वेलिंग्टन टेक्निकल कॉलेजात. १९४१ साली त्याची भेट थिओ स्कूनशी झाली आणि पुढचं बरंच काही त्या भेटीतून निघालं. स्कून जावा बेटावर जन्मलेला, रॉटरडॅममध्ये शिकलेला डच चित्रकार, १९३९ साली न्यूझीलंडला आला होता. युरोपात आधुनिक कलेत काय चाललंय हे त्याला माहीत होतं आणि माओरी कलेकडे तो संग्रहालयातल्या जुन्या वस्तू म्हणून नव्हे, जिवंत कला म्हणून पाहत होता. त्या काळातल्या गोऱ्या चित्रकारांत ही नजर अपवादानेच आढळे. १९४०च्या दशकात दक्षिण कँटरबरीतल्या चुनखडीच्या कपारींमधली माओरी शैलचित्रं नोंदवण्याचं सरकारी काम स्कूनकडे आलं. १९४६ साली वॉल्टर्स त्याच्याबरोबर तिथे गेला. कोळशाने आणि लाल गेरूने काढलेल्या त्या आकृत्या, त्यांच्या आत सोडलेल्या मोकळ्या जागा, खडकाच्या रिकाम्या भागाला मिळालेलं महत्त्व हे सगळं त्याच्या पुढच्या कामात झिरपलं. इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी. छायाचित्रात नीट उठून दिसावीत म्हणून स्कूनने काही शैलचित्रांवर खडूसारख्या रंगाने पुन्हा गिरवलं. माओरी कलेवर मनापासून प्रेम करणारा माणूसही तिच्यावर स्वतःचा हात चालवायला कचरला नाही. पुढच्या सगळ्या वादाचं बीज मला या प्रसंगात दिसतं.

१९५० साली वॉल्टर्स लंडनला गेला, तिथून पॅरिस आणि हॉलंड पाहून आला. माँद्रियान, आर्प, सोफी टॉयबर-आर्प, ओग्युस्त एर्बँ, व्हाझारेली या युरोपातल्या अमूर्त कलाकारांची कामं त्याला आता पुस्तकातल्या छोट्या छपाईऐवजी प्रत्यक्ष बघायला मिळाली. सोफी टॉयबर-आर्पचं नाव मी मुद्दाम घेते, कारण वॉल्टर्सबद्दल बोलताना लोक माँद्रियानवर थांबतात. गोल आणि आयत एवढ्याच सामग्रीवर, जागांचे थोडे फरक करत चित्र हलतं ठेवायची जी रीत टॉयबर-आर्पच्या कामात आहे, ती वॉल्टर्सच्या स्वभावाला माँद्रियानपेक्षा जवळची होती. शिवाय जुझेप्पे कापोग्रोस्सी हा इटालियन चित्रकार १९५०च्या सुमारापासून एकच चिन्ह फिरवून फिरवून वापरत होता. एक आकार धरून ठेवला तरी काम संपत नाही, याचा दाखलाच जणू समोर होता.

१९५३ साली तो ऑस्ट्रेलियामार्गे वेलिंग्टनला परतला आणि सरकारी मुद्रणालयात नोकरी करू लागला. १९५६च्या सुमारास कोरूवरचे पहिले आराखडे सुरू झाले. पण लोकांसमोर चित्रं आली ती थेट १९६६ साली, ऑकलंडच्या न्यू व्हिजन गॅलरीत. त्याआधीचं त्याचं प्रदर्शन १९४९चं. मधली इतकी वर्षं तो काम करत होता आणि दाखवत नव्हता. त्या काळात न्यूझीलंडमध्ये चित्रकाराने निसर्गदृश्यातून देशाची ओळख शोधावी अशी अपेक्षा होती. डोंगर नाही, समुद्र नाही, नुसत्या पट्ट्या आणि गोल, असं काम पाहायला प्रेक्षक तयार नव्हता. पंचेचाळिशी उलटल्यावर माणूस पहिल्यांदा आपलं खरं काम बाहेर काढतो, आणि ते इतकं पक्कं असतं की त्यात चाचपडणं दिसतच नाही. कारण चाचपडण्याचा काळ बंद दाराआड गेलेला असतो.

शिक्षकांच्या ‘ऑप आर्ट’ या शेऱ्याचं उत्तर यातच आहे, म्हणून ते पटकन आटोपते. ब्रिजेट रायली या इंग्लिश ऑप चित्रकर्तीची काळी-पांढरी चित्रं १९६१ पासूनची. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ज्या प्रदर्शनाने ऑप आर्ट जगभर गाजवली ते १९६५ सालचं. वॉल्टर्सचा कोरूवरचा विचार त्याच्या पुष्कळ आधी सुरू झाला होता. शिवाय रायलीच्या त्या काळातल्या चित्रासमोर डोळे दिपतात, जमीन हलल्यासारखी वाटते. वॉल्टर्ससमोर तसं होत नाही. त्याचं चित्र शांत असतं आणि वेळ मागतं. दोघांचे काही पूर्वज एक, व्हाझारेली त्यातला, पण घर वेगळं. शिक्षकांनी नाव दिलं आणि विषय मिटवला असं झालं असेल तर तो मिटू देऊ नका.

आता मैत्रिणीच्या म्हणण्याकडे येऊ. यासाठी कोफाइफाइ समजून घ्यावं लागेल. माओरी सभागृहाच्या, म्हणजे फारेनुईच्या छताच्या तुळयांवर आणि वाशांवर जी लाल, काळी, पांढरी चित्रकारी असते तिला कोफाइफाइ म्हणतात. लाल रंग कोकोवाई या गेरूचा, शार्क माशाच्या तेलात कालवलेला, काळा काजळीचा. ही कला फक्त घरांपुरती नव्हती. १७६९ साली इंग्लिश दर्यावर्दी कुकचं जहाज किनाऱ्याला आलं तेव्हा माओरींकडून घेतलेली रंगवलेली वल्ही आजही संग्रहालयांत आहेत आणि त्यांच्यावर हीच वळणं आहेत. या चित्रकारीचा मूळ घटक म्हणजे कोरू: देठासारखी रेषा आणि तिच्या टोकाला गोल कंद, नेच्याचं न उलगडलेलं पान असतं तसा. एकातून दुसरा फुटतो, दुसऱ्यातून तिसरा. वंशावळ, वाढ, पिढ्यांचा पिढ्यांशी असलेला धागा हे अर्थ त्याला चिकटलेले आहेत. घराचा मधला आढा हा अनेक ठिकाणी पूर्वजाचा कणा मानला जातो आणि त्यावरची नक्षी त्या घराण्याची असते.

पण मला, चित्र करणारी म्हणून, कोफाइफाइमधली जी गोष्ट सगळ्यात थक्क करते ती वेगळी आहे. अनेक कोफाइफाइमध्ये पांढरा कोरू ‘काढलेला’ नसतो. फळीला आधी पांढरा हात दिलेला असतो, मग भोवती लाल आणि काळा भरत जातात आणि कोरू उरतो. म्हणजे चित्रकार जो आकार आपल्याला दाखवतो आहे, तो त्याने रंगवलेलाच नाही. त्याने रंगवली ती त्याच्या भोवतीची जागा. आकार आणि अवकाश यांची ही अदलाबदल, पुढे-मागेचा हा खेळ, हे सगळं माओरी चित्रकारांनी युरोपातल्या अमूर्त कलेच्या कितीतरी आधी, पूर्ण जाणतेपणी साधलेलं होतं.

म्हणून वॉल्टर्सने माओरींकडून एक आकार घेतला आणि युरोपकडून विचार घेतला, अशी जी वाटणी पुष्कळदा सांगितली जाते ती मला मान्य नाही. विचारही त्याने दोन्हीकडून घेतला. कोरूचं वळण त्याने सरळ केलं, देठाची पट्टी केली, कंदाचा कंपासने काढलेला गोल केला, हे त्याचं. रांगेने फुटत जाणारी वेल थांबवून तिला चौकटीच्या चारही काठांशी बांधलं, हेही त्याचं आणि माँद्रियानचं. पण रिकामी जागा आणि भरलेली जागा सारख्याच जिवंत असू शकतात, हा जो या चित्रांचा गाभा आहे, तो कोफाइफाइमध्ये आधीच होता. वॉल्टर्सने तो ओळखला. ओळखायला फार तयार नजर लागते आणि ती त्याच्याकडे होती. तरीही ओळखणं वेगळं आणि निर्माण करणं वेगळं.

वादाचं टोक इथे आहे. १९६६च्या प्रदर्शनाच्या वेळी वॉल्टर्सने जे निवेदन केलं त्याचा आशय असा, की माझं काम हा मोजक्या आकारांतल्या धन-ऋण, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या जागांच्या संबंधांचा शोध आहे. या आकारांना स्वतःचं वर्णनमूल्य नाही, ते फक्त संबंध दाखवण्यासाठी आहेत. अमूर्त चित्रकार म्हणून मला हे वाक्य अगदी ओळखीचं वाटतं. आम्ही सगळे असंच बोलतो. प्रेक्षकाने आकारात पान, साप, लाट शोधू नये, संबंध पाहावेत, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण तेच वाक्य माओरी कानांनी ऐका. ज्या आकारात आपली वंशावळ आहे, जो आपल्या घराच्या कण्यावर आहे, त्याला स्वतःचा अर्थ नाही असं दुसरंच कोणीतरी जाहीर करतंय. आणि हे त्या देशात, जिथे शाळांमधून माओरी भाषा बोलली म्हणून मुलांना मार बसल्याच्या आठवणी त्या पिढीत ताज्या होत्या. ‘माझ्या चित्रात मी हा आकार संबंधांपुरता वापरतो’ असं म्हणण्याचा वॉल्टर्सला पूर्ण अधिकार होता. ‘या आकाराला अर्थ नाही’ हे ठरवायचा नव्हता. दोन वाक्यांत अंतर थोडं दिसतं, पण सगळा वाद त्या अंतरात मावतो.

१९८०च्या दशकात माओरी अभ्यासक न्गाहुइआ ते आवेकोतुकू यांनी हा आक्षेप उघडपणे मांडला. १९९२ साली सिडनीच्या म्युझियम ऑफ कंटेम्पररी आर्टमध्ये न्यूझीलंडच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं, त्याच्या ग्रंथात रांगिहिरोआ पानोहो यांनी लिहिलं की वॉल्टर्सने कोरू क्रमाक्रमाने सोपा करत नेताना त्याचा अर्थ आणि त्याची माणसं त्यापासून तोडली. त्यावर फ्रान्सिस पाउंड या समीक्षकाने वॉल्टर्सची जोरदार बाजू घेतली. कला नेहमीच सीमा ओलांडत आली आहे. ही चित्रं माओरी आणि पाकेहा, म्हणजे युरोपीय वंशाच्या जगांमधल्या जागेत उभी आहेत, असा त्याचा रोख होता. मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. पाउंड चित्राबद्दल जे बोलतो त्यातलं बरंचसं मला पटतं. पण ‘दोन जगांमधली जागा’ रिकामी नसते, तिथे जाण्याची मुभा दोघांना सारखी नसते, याचं उत्तर त्याच्याकडे मिळत नाही.

वॉल्टर्सच्या बाजूने एक गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि तिला वजन आहे. त्याला माओरी जगाबद्दल तुच्छता नव्हती. त्याची पत्नी मार्गारेट ऑर्बेल माओरी वाङ्मयाची गंभीर अभ्यासक होती, माओरी व्यवहार खात्याच्या ‘ते आओ होऊ’ या नियतकालिकाची संपादकही होती आणि त्यासाठी वॉल्टर्सने आरेखनाचं काम केलं. चित्रांना त्याने माओरी नावं दिली, ‘ते फिती’, ‘माकारो’, ‘काहुकुरा’. पुष्कळशी नावं लहानपणी ओळखीच्या असलेल्या वेलिंग्टनच्या रस्त्यांवरून घेतलेली. एका मालिकेचं नाव ‘जीनिऑलॉजी’, म्हणजे वंशावळ. आता हे नीट पाहा. आकाराला अर्थ नाही म्हणणाराच त्याच आकारांच्या चित्राला वंशावळ म्हणतो. त्याच्या हाताला आणि कानाला जे कळत होतं ते त्याच्या निवेदनात मावलं नाही. मला चित्रांवर जास्त विश्वास ठेवावासा वाटतो.

दुसरं एक जे नेहमी सांगितलं जातं त्यावर मात्र माझा विश्वास नाही: त्या काळी माओरी कलाकार स्वतः आधुनिक काम करत नव्हते, म्हणून वॉल्टर्सने ती दरी भरली. हे खरं नाही. आर्नोल्ड मानाकी विल्सन १९५०च्या दशकात ऑकलंडच्या एलम कलाशाळेतून शिल्पकला शिकून बाहेर पडला होता. १९५८ साली ऑकलंडमध्ये त्याच्यासह राल्फ होतेरे, कातेरिना माताइरा, मुरू वॉल्टर्स आणि सेल्विन विल्सन यांचं प्रदर्शन झालं होतं. शाळांसाठी गॉर्डन टोव्हीने उभ्या केलेल्या कलाशिक्षकांच्या योजनेत तरुण माओरी चित्रकार होते आणि न्गाती पोरोऊ या माओरी जमातीचे थोर काष्ठशिल्पी पाइने ताइआपा त्यांना परंपरा शिकवत होते. त्याच योजनेतून आलेले सँडी अ‍ॅडसेट यांनी पुढे आयुष्यभर कोफाइफाइवरच काम केलं. त्यांची चित्रं वॉल्टर्सच्या शेजारी ठेवून बघा. अ‍ॅडसेटनीही कोरूला कॅनव्हासवर आणलं, नवे रंग दिले, मांडणी मोडली. पण वळण सरळ केलं नाही. त्यांच्याकडे कोरू वाढत राहतो, फुटत राहतो. वॉल्टर्सकडे तो थांबून स्वतःला मोजतो. मला दोन्ही हवंसं वाटतं. तुमच्या अभ्यासक्रमात त्यातलं एकच दाखवलं जात असेल तर तक्रार वॉल्टर्सकडे नको, अभ्यासक्रमाकडे करा.

या सगळ्या वादातलं मला सर्वात आवडलेलं उत्तर लेखाच्या रूपात नाही आलं. मायकल पारेकोफाई या माओरी कलाकाराने १९९४ साली ‘किस द बेबी गुडबाय’ नावाचं मोठं धातूचं काम केलं. लहान मुलांची प्लास्टिकची विमानं जोडायला येतात ना, सगळे भाग एका चौकटीला चिकटलेले, तोडून घ्यायचे, तशा जोडसंचाच्या रूपात त्यात वॉल्टर्सचं १९६८चं ‘काहुकुरा’ उभं केलं आहे. माओरींकडून वॉल्टर्सकडे गेलेला आकार एका माओरी कलाकाराने वॉल्टर्सकडून परत घेतला, आणि घेताना त्याचं वॉल्टर्सपण पुसलं नाही. त्यात राग आहे, माया आहे आणि चित्राची उत्तम जाण आहे. ते काम समोर असताना ‘चोर की थोर’ हा प्रश्नच तोकडा वाटतो.

कर्जाचाच हिशेब करायचा तर आणखी एक ऋण आहे, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. स्कून काही काळ ऑकलंडच्या मनोरुग्णालयात काम करत होता. तिथल्या एका रुग्णाची रेखाटनं त्याने वॉल्टर्सला दाखवली आणि त्या रेखाटनांतून वॉल्टर्सने बरीच अमूर्त चित्रं घडवली. त्या रुग्णाला याचं श्रेय जवळजवळ कोणी दिलं नव्हतं. अलीकडच्या प्रदर्शनांमुळे त्याचं काम वॉल्टर्सच्या शेजारी दिसू लागलं आहे. वॉल्टर्स दुसऱ्यांच्या रेषांतून स्वतःची रेष काढणारा चित्रकार होता, कोरू हा त्यातला एक मोठा भाग. हे कळलं की ‘त्याने माओरी आकार का घेतला’ यापेक्षा ‘घेतलेल्याचं नाव तो कुठे आणि कसं सांगतो’ हा प्रश्न जास्त कामाचा ठरतो.

वॉल्टर्स १९९५ साली क्राइस्टचर्चमध्ये वारला. २००२ पासून न्यूझीलंडमधल्या समकालीन कलेसाठी दिल्या जाणाऱ्या एका मोठ्या पुरस्काराला त्याचं नाव आहे, वॉल्टर्स प्राइझ. माता आहो कलेक्टिव्ह हा माओरी स्त्री-कलाकारांचा गट आणि मॉरीन लँडर यांना मिळून २०२१ साली तो मिळाला. विणकामाच्या परंपरेतून आलेलं काम, कोरूच्या वादात ज्याचं नाव निघतं त्याच्या नावाचा पुरस्कार. तो इतिहास असा पुढे सरकतो आहे.

आता तुमचा लोगो. तुम्ही विचारलंय की कोरू वापरू का. सरावाच्या कामातही माझा सल्ला आहे, वापरू नका. कारण सांगते. वॉल्टर्सने चित्र केलं. चित्र भिंतीवर असतं, त्याला नाव असतं, त्याच्यावर वाद घालता येतो, पारेकोफाई त्याला उत्तर देऊ शकतो. लोगो पिशवीवर, पावतीवर, कचऱ्यात जाणाऱ्या कपावर छापला जातो आणि त्यावर मालकीहक्क सांगितला जातो. न्यूझीलंडच्या २००२च्या व्यापारचिन्ह कायद्यात माओरी चिन्हं असलेल्या अर्जांवर सल्ला देणारी माओरी समितीच नेमलेली आहे. माओरी ज्ञान आणि कलाकृतींवर हक्क कोणाचा, या १९९१ साली दाखल झालेल्या दाव्यावर वाइतांगी न्यायाधिकरणाचा (माओरींचे सरकारविरुद्धचे दावे ऐकणाऱ्या आयोगाचा) अहवाल २०११ साली आला. या देशात काम करायचं असेल तर हे डिझाइनरला माहीत असणं टायपोग्राफीइतकंच गरजेचं आहे. आपण बाहेरून आलेली माणसं आहोत, गोरे नाही, म्हणून आपल्याला सूट आहे असंही कृपा करून समजू नका. आपल्याकडच्या वारली चित्रांचं काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे: कपांवर, पडद्यांवर, भिंतींवर ती सगळीकडे आहेत आणि पुष्कळदा काढणाऱ्याचा त्या समाजाशी संबंधच नसतो. तिथे जे खटकतं ते इथे आल्यावर विसरता येणार नाही.

पण वॉल्टर्सकडून शिकायचं ते भरपूर शिका, फक्त आकार नको, कामाची रीत घ्या. तुमचा स्वतःचा एक साधा घटक ठरवा, दोन-तीन रेषांत संपणारा. तो काळ्या कागदातून सारख्या मापाचा बराच वेळा कापा आणि पांढऱ्या कागदावर न चिकटवता सरकवत राहा. उरलेला पांढरा भाग जोपर्यंत उरलेला वाटतो तोपर्यंत काम झालेलं नाही. तो पांढरा भाग नाव देता येईल असा आकार झाला की थांबा, एक दिवस उलटा टांगून ठेवा आणि मग पट्ट्यांची रुंदी डोळ्यांनी सुधारा. संगणकावर हे करू नका निदान पहिल्यांदा, कारण संगणक सगळं आपोआप रेषेत बसवतो आणि चूक कुठे बरी दिसते ते कळतच नाही.

आणि हे सुरू करण्याआधी ऑकलंड म्युझियममध्ये होतुनुई हे १८७८ सालचं न्गाती मारू जमातीचं सभागृह आहे, त्यात जाऊन वर पाहा. बूट बाहेर काढावे लागतील. वाशांवरचा एक नमुना निवडा आणि नक्षी कुठे सुरू होते, कुठे दुसऱ्या रंगाला जागा देते, ते फक्त बघा. चित्र किंवा फोटो काढायचा असेल तर तिथल्या माणसांना विचारा. मैत्रीण बरोबर यायला तयार असेल तर उत्तम, पण तिने तुम्हाला शिकवलंच पाहिजे अशी अपेक्षा धरू नका, ते तिचं काम नाही. पुढे कधी खरं गिऱ्हाईक कोरूच हवा म्हणून अडून बसलं, तर त्या भागातल्या इवीशी, म्हणजे माओरी जमातीशी बोलणं, माओरी डिझाइनरला कामात घेणं आणि त्याचे पैसे, हे पहिल्याच अंदाजपत्रकात लिहून द्या. गिऱ्हाइकाला तो खर्च नको असेल तर कोरूही नको.